"मोबाईल आहे ना, मग बाईक कॉम्प्युटर कशाला?" या फॉरवर्डला उत्तर

सायकलिंगच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जीपीएस बाईक कॉम्प्युटर (हँडलवर लावायचं, स्पीड, रस्ता, चढाई दाखवणारं छोटं यंत्र) म्हणजे पैशाची नासाडी, कारण मोबाईलमध्ये तोच जीपीएस आहे, बॅटरी संपली तर पॉवरबँक आहे, चढाई आणि स्पीड ॲप दाखवतंच, आणि घ्यायचाच झाला तर पन्नास हजारांच्या खाली कामाचं काही मिळत नाही. नवीन पोरं हे वाचून पहिल्या ३०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) नुसता फोन घेऊन निघायला लागलीत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, जीपीएस तोच. हे खरंय, सरळ मान्य. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो, आणि २०१८ पासून उपग्रहांच्या दोन फ्रिक्वेन्सी पकडणारे, म्हणून जास्त अचूक असे फोनही आलेत, त्यामुळे स्वस्तातल्या कॉम्प्युटरपेक्षा तुमच्या फोनचा ट्रॅक चांगला येऊ शकतो. कुणी नुसत्या अचूकपणावर कॉम्प्युटर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. फरक आहे तो स्क्रीन, बटणं, बॅटरी आणि हवेच्या दाबाचा सेन्सर यांत, आणि फॉरवर्ड नेमकं हेच टाळतो नाहीतर एका ओळीत उडवतो.

फोनची स्क्रीन आतून उजेड मारते, म्हणजे दुपारी बारा वाजता तिला सूर्याशी भांडावं लागतं. बऱ्याच बाईक कॉम्प्युटरची स्क्रीन बाहेरचा उजेडच परत फेकते, त्यामुळे ऊन जितकं कडक तितके आकडे स्वच्छ दिसतात आणि बॅटरीही कमी जाते. आणि पाऊस! जुलैत ताम्हिणीला गेलो होतो, मुळशीच्या पुढे धो धो सुरू झाला, फोन हँडलवर प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, आणि वर पडणारा प्रत्येक थेंब स्क्रीनला बोट वाटत होता, नकाशा आपोआप मोठा होतोय, लहान होतोय, मध्येच रेकॉर्डिंग पॉज झालं आणि ते मला कळलं चहाला थांबल्यावर, तोवर ११ किलोमीटर गेले होते. ओल्या ग्लोव्हजने फोन चालतच नाही. बटण मात्र चिखलातही दाबलं जातं.

आता पॉवरबँक. ह्या मुद्द्याचा मला खरोखर राग येतो कारण ह्यात माणूस अडकू शकतो. बीआरएमच्या वेळा बघा, २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास. इतका वेळ स्क्रीन चालू, जीपीएस चालू, नकाशा चालू असं फोनला राबवायचं म्हणजे पॉवरबँकची वायर सतत लागलेलीच हवी. पावसात चार्जिंगच्या तोंडाला पाणी लागलं की आजकालचे बरेच फोन ओल ओळखून चार्जिंगच बंद करतात. उन्हाळ्यात उलटं, ॲपल स्वतः सांगतं की आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सोलापूर रोडला दुपारी त्याच्या किती वर असतं ते सांगायला नको. फोन तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. आणि रात्री दोन वाजता टायर फाटला, कुणी पडलं, तर हाक मारायला हाच फोन असतो हो! तो नकाशा दाखवण्यात संपवायचा का? फोन खिशात राहू दे, भरलेला.

चढाईचा मुद्दा फॉरवर्डने एका ओळीत उडवलाय, पण आपण घाटातली माणसं, त्यामुळे ह्यावर जरा थांबतो. जीपीएसचे जे उपग्रह पकडता येतात ते सगळे आपल्या डोक्यावर असतात, पायाखालून एकाचाही सिग्नल येत नाही, म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी येते. मग ॲप काय करतं तर बरेचदा तुमची जागा बघून नकाशावरून उंची काढतं. सपाटीवर चालून जातं. पण वरंध्यासारख्या घाटात रस्ता कड्यात कोरलेला असतो, ट्रॅक ५-१० मीटर बाजूला सरकला की नकाशा तुम्हाला कड्यावर तरी चढवतो नाहीतर दरीत तरी उतरवतो, आणि एकूण चढाई फुगत जाते. बॅरोमीटरवालं युनिट हवेचा दाब मोजतं, समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरून ग्रेड, म्हणजे चढ किती टक्के ते, जवळजवळ लगेच कळतो. बॅरोमीटर काही फोनमध्येही असतो, पण तो पाऊचमध्ये कोंडला की उपयोग काय. अर्थात ह्यालाही मर्यादा आहेत, हवामान बदललं की उंची सरकते, आणि सेन्सरचं छिद्र बहुतेक युनिटच्या खालच्या बाजूला असतं. मला वरंध्यातच चांगला चढ चालू असताना ग्रेड शून्य दिसायला लागला, युनिट उलटं केलं तर छिद्रात लाल चिखल. बाटलीतलं पाणी हळू सोडलं, झटकलं, शंभरेक मीटरमध्ये आकडा जागेवर. टाचणी घालू नका तेवढं, आतला पडदा फाटतो.

स्पीडचं थोडक्यात. खंबाटकीच्या बोगद्यात जीपीएस नसतोच, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) स्पीड सेन्सर असेल तर कॉम्प्युटर चाकाचे फेरे मोजत राहतो. फोनला सेन्सर जोडू म्हणाल तर स्ट्राव्हाने (राइड नोंदवायचं लोकप्रिय ॲप) २०१९ मध्ये ॲपमधली सेन्सर जोडायची सोयच काढली, त्यातला हार्टरेट तेवढा नंतर परत आला.

राहिला पैशाचा मुद्दा, तर पन्नास हजारांची गोष्ट साफ खोटी. गार्मिनचं एज ५४० घ्या नाहीतर त्याहून महाग ८४०, कंपनी दोघांचीही बॅटरी २६ तासच सांगते, जास्तीचे पैसे मुख्यतः टचस्क्रीनचे, आणि टचचं पावसात काय होतं ते वर सांगितलंच. वाहूचं २०२१ चं बोल्ट वापरायला फार सोपं, पण १५ तास, म्हणजे ३०० सावकाश करणाऱ्याला वाटेत चार्ज करावंच लागणार. उलट आयजीपीस्पोर्टचं बीएससी २०० ह्यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि कंपनी ३० तास म्हणते, फक्त त्यात पूर्ण नकाशा नाही, रूटची नुसती रेघ दिसते, रस्ता चुकलात तर आजूबाजूचं काही कळणार नाही. हे सगळे कंपनीचे आकडे, बॅकलाईट आणि सेन्सर लावले की कमीच धरा. रविवारी ४० किलोमीटर करून पोह्यांना थांबणाऱ्याला खरंच काही घ्यायची गरज नाही, खिशातला फोन पुरे.

घ्यायच्या आधी कुणाला हातात धरून बघायचं असेल तर रविवारी सकाळी सहाला मी सिंहगडाच्या पायथ्याला असतो, माझ्याकडे बटणांचं आहे, मित्राकडे टचचं. ग्लोव्हज ओले करून या, दोन्ही दाबून बघा.