ब्रदर कॉल्म यांच्याकडून शाळेतल्या कोचने काय घ्यावं

लंडन ऑलिंपिकमधली, २०१२ सालची ८०० मीटरची फायनल पुन्हा बघा. या वेळी डेव्हिड रुदिशाच्या पदकाकडे नको, त्याच्या खांद्यांकडे बघा. पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत, दुसरी ५१.६३ मध्ये, एकूण १:४०.९१. जागतिक विक्रम, तोही सुरुवातीपासून स्वतः पुढे राहून, कारण ऑलिंपिकमध्ये वेग लावून द्यायला पेसमेकर नसतो. सहाशे मीटरच्या आसपास बहुतेक धावपटूंचे खांदे कानाकडे सरकू लागतात, मान ताठते, मुठी आवळल्या जातात. रुदिशाचे खांदे तिथेही खाली आहेत.

हे खांदे केनियात इतेनला घडले, भूगोल शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या नजरेखाली.

ब्रदर कॉल्म ओकॉनेल मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्कचे. १९७६ मध्ये ते इतेनच्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये शिकवायला आले, तेही तीन महिन्यांपुरते. इतेन रिफ्ट व्हॅली या खोल दरीच्या कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. ब्रदरना अ‍ॅथलेटिक्सची काहीच पार्श्वभूमी नव्हती. शाळेत पीटर फॉस्टर नावाचे शिक्षक मुलांना धावायला शिकवत (प्रसिद्ध ब्रिटिश धावपटू ब्रेंडन फॉस्टर यांचे ते भाऊ). ब्रदर त्यांच्या हाताखाली शिकले आणि फॉस्टर परत गेल्यावर मैदान ब्रदरच्या अंगावर आलं. तीन महिन्यांसाठी आलेला माणूस कायमचा तिथलाच झाला. पुढे ते मुख्याध्यापकही झाले.

आपल्याकडे फादर आणि ब्रदर यांत गल्लत होते. फादर म्हणजे धर्मगुरू, मिस्सा अर्पण करणारे. ब्रदर धर्मगुरू नसतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं घेऊन ते एखाद्या सेवेला वाहून घेतात, आणि कॉल्म ज्या पॅट्रिशियन ब्रदर्सपैकी आहेत त्यांची सेवा मुख्यतः शिक्षणाची. माझ्या मते त्यांच्या कोचिंगचं मूळ या व्रतात आहे. बक्षिसाच्या रकमेत ज्याचा वाटा नाही, त्याला पोराच्या शरीराची घाई नसते. केनियात सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना एजंट पैशासाठी रस्त्यावरच्या शर्यतींना नेतात आणि त्यातली बरीच पोरं पंचविशीच्या आत संपतात. या मास्तरांना पोराची पुढची दहा वर्षं दिसत होती.

रुदिशाचंच बघा. तो ४०० मीटर धावायचा. त्याच्या वडिलांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ४ बाय ४०० रिलेचं रौप्यपदक मिळवलेलं, त्यामुळे घरातलीच वाट ती. ब्रदरनी त्याला ८०० मीटरकडे वळवलं. २००६ मध्ये तो ज्युनियर विश्वविजेता झाला. २००९ च्या बर्लिन विश्वस्पर्धेत उपांत्य फेरीतच बाहेर पडला. कोच बदलायला, सराव दुप्पट करायला हे एवढं कारण कुणालाही पुरलं असतं. ते काही झालं नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये आठवड्याच्या अंतराने दोन जागतिक विक्रम झाले, आधी १:४१.०९, मग १:४१.०१. त्यातल्या पहिल्याने मोडला तो विल्सन किपकेटरचा १:४१.११ चा विक्रम, आणि किपकेटर सेंट पॅट्रिक्सचाच विद्यार्थी.

ब्रदरच्या पद्धतीला 'फास्ट' म्हणतात: फोकस, अलाइनमेंट, स्टॅबिलिटी, टायमिंग. लक्ष एका ठिकाणी, शरीर एका रेषेत, कंबर स्थिर आणि पाऊल नेमक्या क्षणी. यात 'किती किलोमीटर' हा शब्दच नाही. आधी नीट धावायला शिक, जोरात धावणं मागाहून.

शाळेत हे कसं उतरवायचं? तेरा ते पंधरा वयाच्या मुलांना आठवड्यात तीन दिवस पुरतात, मधे एकेक दिवस मोकळा. सुरुवातीला दहा मिनिटं हळू धावणं, इतकं हळू की दोघांना गप्पा मारता आल्या पाहिजेत. मग वीस मीटरच्या पट्ट्यात ड्रिल: घोट्यावर उसळत जाणं, गुडघे उचलणं, टाच मागे आपटणं, स्किपिंग (दोरीशिवाय, उसळ्या घेत पुढे जाणं). प्रत्येक दोनदा, परत येताना चालत. या पंधरा मिनिटांत कोचने घड्याळ खिशात ठेवून फक्त बघायचं. पाऊल कंबरेच्या खाली पडतंय की पुढे? पुढे पडत असेल तर प्रत्येक पाऊल ब्रेक लावतंय. हात छातीच्या मध्यरेषेपलीकडे जातायत का? जात असतील तर धड वळतंय आणि ताकद आडवी वाया जातेय. शेवटी गवतावर ८० मीटरच्या सहा धावा, तीन चतुर्थांश जोराने. पाचवीत मुलाचा डौल मोडला तर सहावी करायचीच नाही. थकल्या अंगाने केलेली चुकीची हालचालही अंगवळणी पडते.

हा संयम का हवा, तर या वयात हाडं आधी लांबतात, स्नायू मागाहून येतात. गेल्या वर्षी सुरेख धावणारा मुलगा यंदा अवघडल्यासारखा धावतो. तो आळशी झालेला नसतो, त्याचे पाय चार बोटं लांब झालेले असतात. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखायला लागलं तर उड्या आणि स्प्रिंट बंद करा, दुखणं बसेपर्यंत. नडगी एकाच बिंदूवर दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर ते हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. अशा मुलाला पट्टी बांधून स्पर्धेत उतरवणं मला अक्षम्य वाटतं.

शालेय ८०० मीटरमधली सगळ्यात मोठी चूक पहिल्या दोनशेत होते. २:२४ ची कुवत असलेला मुलगा शिट्टीसरशी सुसाट सुटतो, पहिली फेरी ६४ ला काढतो आणि सहाशेला पाय दगड होतात. त्याच्या दोन फेऱ्या ७१ आणि ७३ अशा हव्यात. उपाय सोपा आहे. २०० मीटर चार वेळा, प्रत्येक वेळी ३६ सेकंदांत, मधे तीन मिनिटं विश्रांती. धाव संपली की आधी मुलाने आपली वेळ अंदाजाने सांगायची, मग कोचने घड्याळ दाखवायचं. काही आठवड्यांत पोरांचा अंदाज एका सेकंदाच्या आत येऊ लागतो.

मुलींचा विषय निघाला की अनेक शाळा अजून अंग चोरतात. सेंट पॅट्रिक्स मुलांची शाळा. तरी ब्रदरनी १९८९ पासून सुट्टीतली शिबिरं सुरू केली आणि त्यांत मुलींना आणलं. सुट्टीत घरी गेलेली मुलगी कामाला जुंपली जाते आणि धावणं सुटतं. शिबिराने ती फट बुजवली. २००७ ची ८०० मीटरची विश्वविजेती जॅनेथ जेपकोसगेई आणि २०११ व २०१३ ची मॅरेथॉन विश्वविजेती एडना किपलागत या दोघी ब्रदरच्या हाताखालच्या. माझ्या लेखी त्यांचं हे काम रुदिशाच्या विक्रमाइतकंच मोठं.

सेंट पॅट्रिक्सच्या आवारात नाव काढलेल्या विद्यार्थ्यांची झाडं लावलेली आहेत, प्रत्येकावर नावाची पाटी. १९८८ मध्ये सोलला १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलेला पीटर रोनो, १९९२ मध्ये बार्सिलोनाला स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत जिंकलेला मॅथ्यू बिरिर, बोस्टन मॅरेथॉन तीनदा जिंकलेला इब्राहिम हुसेन, सगळे याच शाळेचे. रोज वर्गात जाणारी पोरं त्या झाडांखालून जातात.