आधी टाकी उघडून बघा ना!

ओहायोत एप्रिल उजाडला की शेजारीपाजारी सगळ्यांचे रायडिंग मोवर, म्हणजे वर बसून चालवायची गवत कापायची यंत्रं, एकदम कुरकुरायला लागतात. इंजिनचा आवाज सारखा वर-खाली, खालची पाती सुरू केली की गचके देऊन बंद. आणि ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर: ‘कार्बोरेटर बदला!’ म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भागच नवा घाला.

अहो, पण टाकीत काय आहे ते तर बघा! ऑक्टोबरपासून तेच पेट्रोल पडून आहे. त्यात 10 टक्के इथेनॉल, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारच. झाकण उघडून नुसता वास घ्या, जुन्या वॉर्निशसारखा आंबूस भपकारा येतो. तेच सुकून कार्बोरेटरच्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या, बारीक भोकात चिकटतं. ते भोक साफ करायचं सोडून अख्खा कार्बोरेटर फेकायचा? आणि नव्यातही तेच सडकं पेट्रोल जाऊ द्यायचं?

मेकॅनिक तर कहरच करतात. अर्धा चोक दिला, म्हणजे हवा थोडी अडवली, की इंजिन नीट चालतंय, म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, इतकं सरळ आहे. तरी प्लग बदल, कॉइल बदल, बिल वाढव! अर्ध्या तासाने बंद पडतं आणि टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालतं? मग झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, दुसरं काय! एअर फिल्टर गवताच्या भुशाने गच्च, काळा धूर निघतोय, आणि हे निघाले इंजिन खोलायला!

हिवाळ्याआधी ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं द्रव्य, घालून दहा मिनिटं इंजिन चालवायला कुणाचं काय जातं?