मावशीने नळीखाली बादली ठेवली

गेल्या मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या डोळखांबकडची माझी मावशी चार दिवस आमच्याकडे ठाण्याला आली होती. मी प्यायचं पाणी भरत होते आणि तिचं लक्ष प्युरिफायरमधून सिंकमध्ये सोडलेल्या बारीक नळीकडे.

"अगं, हे पाणी कुठं चाललंय?"

"ते मशीन टाकून देतं, मावशी."

ती काहीच बोलली नाही. बाथरूममधली बादली आणून नळीखाली ठेवली. संध्याकाळी बादली काठोकाठ भरली होती. आम्ही प्यायलो होतो जेमतेम पाच-सहा लिटर.

मला फार लाज वाटली. शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तानसा धरण आहे, आणि त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात गावपाड्यांवर टँकर येतो. टँकर विहिरीत रिकामा करतात आणि बायका कळशी घेऊन काठावर उभ्या असतात. ठाण्याला येणारं बरंचसं पाणी भातसा नदीवर पिसे इथे उचललेलं. म्हणजे मावशीच्याच तालुक्यातलं पाणी मी तिच्या डोळ्यांदेखत गटारात सोडत होते.

आमचं मशीन आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार वेगळे काढणारं. आरओ हे खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यासाठीचं तंत्र. साधं घरगुती मशीन एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर फेकतं. धरणात साठतं ते पावसाचं पाणी, त्यात क्षार मुळातच कमी. मी मीटर आणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण मोजलं. आमच्या नळाचा टीडीएस लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही आत निघाला. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतो. राष्ट्रीय हरित लवादाने तर २०१९ मध्येच, टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं सांगितलं होतं.

मग आम्ही मशीन घेतलं कशाला? विक्रेत्याने दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवून दाखवल्या. नळाचं पाणी तपकिरी झालं, आरओचं स्वच्छ राहिलं. मुलं लहान होती, घाबरलो. ती घाण पाण्यातली नव्हतीच. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडीचं लोखंड सुटतं. आरओच्या पाण्यात क्षार अगदीच कमी उरतात, मग रंग येणार कुठून? असं घाबरवून मशीन विकणं मला चुकीचंच वाटतं.

घोडबंदर रोडला बोअरचं किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी आधी टीडीएस तपासून घ्यावा. पण फक्त धरणाचं पाणी येत असेल, तर घरात आरओ नकोच, असं माझं ठाम मत आहे. गाळणी आणि यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन पुरे. आम्ही दिवाळीत बदललं. ज्यांना लगेच बदलणं जमणार नाही, त्यांनी निदान नळीखाली बादली ठेवा. लादी पुसायला, फ्लशला, भांडी विसळायला ते पाणी उत्तम चालतं. आम्ही दिवाळीपर्यंत तेच केलं.

मीटर माझ्याकडे आहे. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या कुणालाही हवा असेल तर रविवारी सकाळी घरी या, येताना नळाचं पाणी बाटलीत घेऊन या.