किती पळालीय?

जुनी गाडी घ्यायची म्हटली की घरात, ऑफिसात आणि सोसायटीच्या गेटवर पहिला प्रश्न एकच: ‘किती पळालीय?’ किती वर्षं उभी होती, हे कुणी विचारत नाही. जाहिरात देणाऱ्यालाही हे पाठ असतं. ‘फक्त २८,००० रनिंग, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी.’ डॉक्टरांनी रोज सकाळी तिची नाडी बघितली असणार, अशी आपली समजूत.

समजा, पुण्यात एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल गाड्या एकाच किमतीला मिळतायत. पहिली ८ वर्षांची, २८,००० किलोमीटर चाललेली. दुसरी ४ वर्षांची, पण ८०,००० झालेली. मालकाची जवळजवळ दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर फेरी. यच्चयावत नातेवाईक पहिलीकडे बोट दाखवतात. मी दुसरीचं बॉनेट आधी उघडेन.

हिशोब करा. ८ वर्षांत २८,००० म्हणजे वर्षाला ३,५००, दिवसाला १० किलोमीटरसुद्धा नाही. घर ते भाजी मंडई आणि परत. एवढ्यात इंजिन नीट तापतही नाही. पेट्रोल जळताना आत तयार होणारं पाणी वाफ होऊन बाहेर पडायचं, ते ऑइलमध्येच मुक्काम ठोकतं. सायलेन्सरमध्येही पाणी साचतं आणि तो आतून गंजतो. शिवाय मालक काटकसरी निघाला, तर ‘१०,००० झाल्याशिवाय ऑइल कशाला बदलायचं?’ या तत्त्वाने ८ वर्षांत दोनदाच ऑइल बदललेलं. सर्व्हिस बुकात ‘१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी’ असं छापलेलं असतं. पण ‘जे आधी’ हे दोन शब्द वाचणारा माणूस अजून भेटायचाय.

आता तासांचं बघू. ट्रॅक्टर घेणारा शेतकरी किलोमीटर विचारत नाही, तास विचारतो. मोटारवाल्यांपेक्षा तो शहाणा. शहरात सरासरी वेग ताशी १५ धरला, तर २८,००० किलोमीटरला इंजिन सुमारे १,८७० तास चाललं. हायवेला सरासरी ५० धरली, तर ८०,००० ला १,६०० तास. म्हणजे ‘कमी पळालेली’ गाडीच जास्त वेळ चाललीय, तीही सिग्नलला धापा टाकत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून.

किलोमीटरने लोखंड झिजतं, वर्षांनी रबर. गाडीत रबर किती असतं, हे ते तडकेपर्यंत कळत नाही: सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, कूलंटचे पाइप, दारांची बीडिंग, फॅन बेल्ट. टायरची नक्षी नवीकोरी दिसेल, पण कडेला डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल, तर तो टायर २०१८ सालच्या २३व्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असो, तो बदलायचाच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दर २ वर्षांनी बदलावं लागतं. गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून झोपलेली असली तरी. बॅटरीचंही तसंच, उभ्याउभ्या मरते. हा सगळा खर्च २८,०००वाल्या गाडीच्या किमतीत मनातल्या मनात मिळवा, मग ‘स्वस्तात मिळाली’ म्हणा.

अर्थात ८०,००० हा आकडा काही पवित्र नाही. इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) असेल, तर तो कधी बदलला याचं बिल मागा. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होते, आणि मग गाडीच्या किमतीचं बिल गॅरेजवाला करतो. बेल्टऐवजी चेन असेल तर थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐका. म्हणूनच सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर मालकाने आपण यायच्या आत रियाज करून घेतलाय. मग सपाट जागी हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. घरघरत राहिलं तर क्लच प्लेटचे पैसे वजा करा.

मीटरवर विश्वास किती ठेवायचा? डिजिटल मीटर मागे नेणारे कलाकार गल्लोगल्ली आहेत. पण ब्रेक पेडलचं रबर मागे नेता येत नाही. मीटर ३०,००० म्हणतंय आणि पेडल गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हर सीटची कड बसलेली, तर मीटर थापा मारतंय. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीचं रनिंग नोंदलेलं असतं, ते मालकाकडून मागवून घ्या. विम्यावरचा नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बोलका: ५ वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के मिळतो. ६ वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर ‘एक ओरखडा नाही’चा अर्थ विचारा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पुरात पोहून आलीय. एमएच ०८ किंवा ०७ नंबर असेल, तर खाली वाकून गंज बघा. कोकणातली खारी हवा किलोमीटर मोजत नाही.

आरटीओसुद्धा वर्षंच मोजतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग फिटनेस आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली. १३ वर्षांची गाडी १२,००० पळालेली असली, तरी खिडकीवरचा कारकून तिला तरुण म्हणणार नाही.

एवढं करून ८०,०००वाली घरी आणली की शेजारचे काका मीटरमध्ये डोकावणारच. ‘फसवलं हो तुम्हाला! आमची बघा, १० वर्षांत २२,०००!’ मग जरा आवाज खाली आणून: ‘बरं, जम्पर केबल आहे का तुमच्याकडे?’