सिस्टीमने केलं, साहेब!

तुम्ही बँक, कंपनी किंवा गेला बाजार एखादी हौसिंग सोसायटी चालवत असाल आणि लोकांच्या शिव्या खाऊन कंटाळला असाल, तर चुका कमी करायच्या फंदात पडू नका. एआय बसवा.

त्याला बाईचं नाव द्या. लोक जरा जपून ओरडतात.

माणसं ठेवूच नका. वॉर्ड ऑफिसातला कारकून ‘उद्या या’ म्हणतो हे खरं, पण त्याला खुर्ची असते, नाव असतं. माहिती अधिकारात अर्ज टाकला की त्याच्या साहेबाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर दिवसाला २५० रुपये दंड, २५ हजारांपर्यंत, तोही स्वतःच्या खिशातून. एआयला खिसाच नाही.

खातं गोठवलंत तर कारण सांगू नका. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने अकरा महिन्यांचं भाडं आईच्या खात्यात एकरकमी टाकलं आणि बँकेच्या एआयला सत्तरीच्या बाईचा संशय आला. खातं बंद! गोरेगावचा घरमालक डिपॉझिटसाठी फोनवर फोन करतोय, टेम्पोवाला खाली हॉर्न मारतोय, कपाट जिन्यात अडकलंय आणि चॅटबॉट म्हणतोय, ‘तुमची अडचण मी समजू शकते.’ ब्रँचमध्ये गेलो तर मॅनेजर म्हणे, ‘एआयने लॉक केलंय, आमच्या हातात काही नाही.’ अहो, मग ते एआय काय विरार लोकल पकडून आपलं आपण आलं? विकत कोणी घेतलं? किती रकमेला संशय घ्यायचा हे कोणी ठरवलं? त्या कागदावर सही कोणाची आहे?

कॅनडात मात्र धंदा करू नका. ‘चॅटबॉट काय बोलला त्याला तोच जबाबदार’ असं एअर कॅनडाने सांगून पाहिलं. २०२४ मध्ये तिथल्या लवादाने ते उडवून लावलं आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली.

आपल्याकडे काय? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, तर आधी बँकेलाच उत्तरासाठी ३० दिवस द्यायचे. तोवर आईने औषधं कशातून आणायची? ब्रिटनच्या पोस्टात होरायझन नावाच्या सॉफ्टवेअरने हिशेब चुकवले आणि ९०० हून जास्त माणसं गुन्हेगार ठरली. तुरुंगात सॉफ्टवेअर गेलं नाही, छोटी पोस्ट ऑफिसं चालवणारी निर्दोष माणसं गेली. आणि तुम्ही एसीत बसून खांदे उडवता? लाज वाटू द्या थोडी! सहानुभूती त्या चॅटबॉटकडून भरपूर मिळाली, तुमची नको. हे यंत्र ज्याने मंजूर केलं त्याचं नाव आणि मजला सांगा. लिफ्ट बंद असली तरी चढून येतो.