संपला म्हणे!

आज सकाळी ट्रेकच्या ग्रुपवर एकाने कॅम्प आवरल्याचा फोटो टाकला. काळी पिशवी गच्च बांधलेली, खाली ‘जागा होती तशी ठेवून निघालो’. आणि प्लॅस्टिकमधून गॅस कॅनिस्टरची, म्हणजे ट्रेकच्या स्टोव्हला लावायच्या छोट्या गॅसच्या डब्याची, गोल कड चक्क उठून दिसत होती. डोकंच फिरलं.

खरं तर मला बोलायचा हक्क नाही, कारण हे मीही केलंय. कडाक्याच्या थंडीतला ट्रेक, शेवटच्या सकाळी स्टोव्ह फुरफुरून विझला. घरी आल्यावर तो २३० ग्रॅमवाला कॅनिस्टर सरळ कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी कचरा नेणारे काका दारात. डबा कानाशी धरून हलवला. आत चळक् चळक्. “यात आहे की हो अजून!” चिडले असते तर परवडलं असतं.

थंडीत हेच होतं. डब्यात दोन वायूंचं मिश्रण असतं. त्यातला प्रोपेन आधी निघून जातो, आणि साधा ब्यूटेन शून्याच्या खाली वाफ व्हायलाच तयार नसतो. ज्योत विझते, पण तळाशी गॅस द्रवरूपात बसलेला असतोच. कचऱ्याच्या गाडीत तो डबा दाबला जाऊन फुटला असता, तर शेजारी काका उभे होते, मी नव्हतो.

अरे, ट्रेकवर एक चमचा हरवला तर अर्धा तास शोधता ना? मग हा डबा घरी आणा, थोडा उबदार दिवस बघून उघड्यावर स्टोव्हला लावा आणि ज्योत आपणहून विझेपर्यंत जाळा. घरात नाही, तंबूत तर नाहीच नाही. मग हलवून बघा. चळक् नाही, झडप दाबल्यावर फुस्स नाही, तरच तो रिकामा. भोक पाडायचं तर त्यासाठी मिळणाऱ्या हत्यारानेच, मोकळ्यावर, आसपास विस्तव नसताना. खिळा-हातोडीचे प्रयोग नकोत. आणि शेकोटीत टाकणाऱ्यांनी मला अनफ्रेंड करा, प्लीज.

हो, कटकट आहे, मान्य. काही ठिकाणी भोक पाडलेला डबाच घेतात, काही ठिकाणी तसाच घातक कचऱ्यात द्यावा लागतो. एक फोन करून विचारायचं, संपलं.

हल्ली मी डबा काकांच्या हातातच देतो. ते आजही कानाशी धरून हलवतात, मगच घेतात.

फोटोवाल्या मित्रा, रागावू नकोस. पिशवी अजून डिकीत असेल तर गाडी उन्हात ठेवू नकोस. गाठ सोड आणि तो डबा एकदा कानाशी हलवून बघ.