“नर-मादी एकत्र सोडा, पिल्लं आपोआप होतात”: नाही होत

गेको (पालीच्या जातीचा प्राणी) पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. त्यात म्हटलंय की लेपर्ड गेको पाळणं अगदी सोपं. छोटी पेटी, गरम होणारा दगड आणि मूठभर मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) पुरेत. नर-मादी कायम एकत्र ठेवा, अंडी कुठल्याही डब्यात उबतात, आणि पिल्लं विकून खर्च सुटतो. गेको काटक आहे हे खरं. पण या सल्ल्याची किंमत मादी आणि पिल्लं मोजतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

छोटी पेटी आणि दगड. हा प्राणी थंड आणि गरम जागांत ये-जा करून अंगाचं तापमान राखतो. एका टोकाला जमीन 32-33 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25च्या आसपास हवी. दोन्हीकडे लपायला जागा, शिवाय कात सुटण्यासाठी एक ओलसर बीळ. ओलावा नसेल तर कात बोटांभोवती अडकून आवळत जाते आणि बोट झडतं. विजेवर तापणाऱ्या दगडाने पोट भाजतं. तो काढून टाका आणि थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक राखणारं उपकरण) लावलेली हीट मॅट, म्हणजे खालून ऊब देणारी चटई, वापरा.

“नर-मादी कायम एकत्र.” मला सगळ्यात जास्त चीड येते ती या वाक्याची. नर मादीच्या मागे लागतो, मान चावून धरतो आणि ती नको म्हणत असली तरी थांबत नाही. ती खाणं सोडते, शेपूट बारीक होते. शेपटीत तिची चरबी साठलेली असते, त्यामुळे शेपूट मानेपेक्षा बारीक दिसली की ती खंगतेय हे नक्की. आणि नराला सतत सोबत ठेवण्याची गरजही नसते. मादी शुक्राणू साठवून ठेवते, म्हणून थोड्या दिवसांच्या सहवासावर त्या हंगामात अनेकदा सफल अंडी घालू शकते. दर खेपेला बहुधा दोन अंडी, आणि अशा चार-पाच खेपा सहज होतात. पोटाच्या पातळ कातडीतून ती दोन पांढरट लांबोडकी अंडी बाहेरून दिसतात. कवचाचं सगळं कॅल्शियम तिच्या अंगातून जातं. नुसत्या मीलवर्मवर ते भरून निघत नाही; मग हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. किडे आधी नीट खाऊ घातलेले हवेत, त्यांना कॅल्शियम आणि ‘ड-3’ जीवनसत्त्वाची पावडर लावलेली हवी. मादी वर्षाची आणि निदान 45-50 ग्रॅमची होईपर्यंत जोडी लावूच नये. आणि दोन नर एका पेटीत? कधीच नाही, ते एकमेकांना फाडतात.

“अंडी कुठेही उबतात.” उबतीलही, पण काय निघेल ते तापमान ठरवतं. लेपर्ड गेकोमध्ये पिल्लाचं लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही. साधारण 26 अंशांना बहुतेक माद्या, 32-33ला बहुतेक नर, त्याहून वर गेलं की पुन्हा माद्या. तापमान वरखाली होणाऱ्या डब्यात यातलं काहीच हाती राहत नाही. अंडं उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने हलकी खूण करा आणि ती बाजू वरच राहील असंच दमट वर्मिक्युलाइटवर (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजावर) ठेवा; उलटलं तर आतला गर्भ दगावू शकतो.

“कुठलाही मॉर्फ चालतो, रंगीत लवकर विकला जातो.” मॉर्फ म्हणजे निवडून पैदास केलेला रंग-नक्षीचा प्रकार. एनिग्मा मॉर्फमध्ये मान तिरकी होणं, गोल-गोल फिरणं, समोरचा किडा पकडता न येणं असा मज्जासंस्थेचा दोष रंगाबरोबरच उतरतो. लेमन फ्रॉस्टमध्ये तर तो पिवळा रंग आणि कातडीतल्या गाठी एकाच जनुकाशी जोडलेल्या आहेत; 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखवलं. रंग ठेवून गाठी तेवढ्या वगळता येत नाहीत. हे माहीत असून जोडी लावणं मला क्रूर वाटतं.

राहिला खर्च. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा डबा, वेगळी ऊब, रोज बारीक किडे. पहिली कात टाकेपर्यंत ती खात नाहीत, मग घाबरून जबरदस्तीने भरवू नका. विकली न गेलेली पिल्लं तुमच्याकडेच राहणार, आणि हा प्राणी 15 ते 20 वर्षं जगतो.

जोडी आत्ता एकत्र असेल तर आज नराला वेगळ्या पेटीत हलवा, मादीच्या पेटीत कॅल्शियमची उघडी वाटी ठेवा आणि आठवड्याला तिचं वजन लिहून ठेवा. वजन घसरत राहिलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.